तर्री आणि पेज

तर्रीवरून मी माणसं हातघाईवर आलेली पाहिली आहेत. भातावरून नाही. भात सगळ्यांना पोटभर मिळायचा. भांडण व्हायचं ते रश्श्यावर तरंगणाऱ्या लाल तेलाचं. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, त्या तेलाला आम्ही तर्री म्हणतो. ज्याच्या वाटीत तर्री नाही, त्याच्या वाटीत नुसतं तिखट पाणी.

मी आयुष्यभर स्वयंपाक केला. शाळेत चौथीपर्यंत गेलो, तीही पूर्ण नाही. गाव आरमोरीजवळचं, चहूकडे धानाचे बांधे. आधी अहेरीकडच्या जंगलात बांबूतोडीच्या कॅम्पवर रांधलं, नंतर मोहर्लीच्या एका हॉटेलात, जिथे वाघ पाहायला आलेले पाहुणे उतरतात. पाहुणे मला ‘महाराज’ म्हणत. स्वयंपाक्याला तसं म्हणायची रीत आहे. माझ्या बापाला गावच्या पंगतीत सगळ्यांपासून लांब बसवत. त्याच्या पोराला मुंबई-पुण्याची माणसं ‘महाराज, अजून एक पोळी’ म्हणतात, हे ऐकायला तो राहिला नाही. मी मात्र दर वेळी नीट ऐकलं, आणि ती पोळी जरा जास्तच फुगवून दिली.

आता म्हातारपणी जो भेटतो तो एकच विचारतो. तेल-तूप खावं आणि भात-पोळी सोडावी, हे खरं का खोटं? मोबाइलवर म्हणे रोज कोणीतरी सांगतं. मी डॉक्टर नाही. पण तेल आणि भात, दोन्ही माझ्या हाताखालून गेले आहेत, आणि या प्रश्नापायी माझ्या जिवाभावाच्या माणसाची नोकरी जायची वेळ आली होती. म्हणून लिहायला बसलो. तुमच्या अंकात डॉक्टर लोकांचे लेख असतीलच. त्यात माझाही एक.

तर्री आधी समजून घ्या. तेल जास्त ओतलं की तर्री येते, असं बायकांनाही वाटतं आणि हॉटेलवाल्यांनाही. साफ खोटं. मसाला मंद आचेवर परतत राहायचा, कडेनं तेल सुटेपर्यंत. हात दुखला तरी थांबायचं नाही. मग पाणी घालायचं ते उकळतं. थंड पाणी घातलं की तेल रुसतं, मसाल्यात दडून बसतं, मग कितीही शिजवा, वर येत नाही. उकळी फुटली की खालची लाकडं ओढून घ्यायची, झाकण ठेवायचं आणि गंजाला, म्हणजे पातेल्याला, हात लावायचा नाही. कॅम्पवर ठेकेदार तेल द्यायचा ते देवाच्या दिव्याला द्यावं तसं. तेवढ्या तेलात मी साऱ्या कॅम्पच्या रश्श्यावर तर्री आणायचो. कधी मूठभर जवस भाजून वाटून घालायचो, त्याचंही तेल सुटतं. बकरा कापला त्या दिवशी तर दिवाळीच. चरबी आधी वितळवायची आणि मसाला तिच्यातच परतायचा.

पण आणण्यापेक्षा वाटणं कठीण. रांगेतला पहिला माणूस पळी अशी तिरपी घालतो की सगळी लाली त्याच्याच ताटात. म्हणून मी वाढायच्या आधीच तर्री वरच्या वर काढून वेगळ्या भांड्यात ठेवायचो. आधी भात, त्यावर रस्सा, आणि शेवटी माझ्या हातानं एकेकाला एक चमचा तर्री. मुकादम असो की बांबूची मोळी वाहणारा असो. तो चमचा मी दुसऱ्याच्या हाती कधी दिला नाही. एका मुकादमानं मागितला तेव्हा मी चूल विझवून बसलो होतो. शेवटी त्यानंच गडी पाठवून मला समजवायला लावलं.

सोमाजी मडावीशी ओळख त्या चमच्यामुळेच झाली. तो बांबूचा ट्रक चालवायचा. गोंड माणूस, मोहर्लीकडचा, उंच, आणि बोलायला असा की झाडालाही हसू यावं.

“एक चमचा अजून टाक ना बे,” तो म्हणायचा.

“काऊन? तुया ट्रक तर्रीवर चालते का?”

“ट्रक डिझेलवर चालते. डायवर तर्रीवर.”

मी टाकला नाही. तो रुसला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं करता करता मैत्री झाली.

सकाळी मात्र सगळ्यांना पेज. तांदळाची कनकी, म्हणजे कण्या, भरपूर पाण्यात शिजवायची, मीठ घालायचं, गार होऊ द्यायचं. जराशी आंबली तर अजून चांगली. उन्हात काम करणाऱ्या माणसाला पेजेसारखं काही नाही. सोमाजी ट्रकच्या कॅबिनमध्ये वाळक्या भोपळ्याचा तुंबा टांगून ठेवायचा, त्यात दिवसभर गार पेज. तहान लागली की तुंबा तोंडाला. पाणी तो फक्त ट्रकला पाजायचा.

त्या दिवसांतली माणसं मला अजून दिसतात. भाताचा डोंगर खायची आणि एकाच्याही पोटाला वळी नव्हती. दिवसभर बांबू तोडून, वाहून, ढीग लावून संध्याकाळी बसली की भात कुठे जायचा तेच कळायचं नाही. साखरेची बिमारी हे नाव मी कॅम्पवर ऐकलंच नाही. असेलही कोणाला, तपासायला होतं कोण. पण भाताला कोणी भ्यालं नाही, एवढं खरं.

मोहर्लीला मला सोमाजीनंच नेलं. ट्रक सोडून तो हॉटेलच्या जिप्सीवर लागला होता. पाहुण्यांना जंगलात फिरवायचा. मालकाला म्हणाला, आचारी पाहिजे तर माझ्याकडे एक आहे, डोक्यानं तापट आहे पण हात चांगला आहे. मालकानं हात ठेवून घेतला, डोकं सोसलं.

मोहर्लीत मी खाण्याची हवा दोनदा फिरताना पाहिली. आधी जे पाहुणे यायचे ते तेलाला भ्यायचे. एक बाई जेवणाआधी कागदी रुमाल काढायच्या आणि माझ्या रश्श्यावर अलगद अंथरायच्या. सगळी तर्री त्या कागदात. मग तो लाल कागद ताटाच्या कडेला, आणि खाली उरलेलं पाणी त्या भातावर घेऊन खायच्या. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहायचो आणि मला रडू यायचं बाकी राहायचं. ज्या कागदासाठी कॅम्पवर खून पडले असते, तो मी रोज कचऱ्यात टाकला. एका साहेबांनी सोबत स्वतःची तेलाची बाटली आणली होती, तिच्यातलं एक बूच तेल घाला म्हणाले. तेच साहेब संध्याकाळी माझी भजी तीनदा मागायचे. भज्याचं तेल कोणत्या बाटलीतलं, हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मग हवा उलटी फिरली. भात नको, पोळी नको, आलू नको. अंडी द्या, पनीर द्या, तूप वरून ओता. पुण्याचे एक साहेब आले, अंगानं काटक, बोलायला गोड. सकाळी स्वयंपाकघरात आले.

“महाराज, घरचं लोणी आहे का?”

“हाय ना. पोळीवर देऊ?”

“पोळी नको. कॉफीत टाका. बिनादुधाची, बिनासाखरेची.”

“कॉफीत लोणी?”

“हो. चांगला गोळा टाका.”

मी टाकला. माझ्या नोकरीत मी वाघ पाहायला गेलो नाही, पण कॉफीवर तर्री आलेली पाहिली. साहेब चवीनं प्यायले. मला हसायला येत होतं, पण तेच साहेब पुढे माझ्या गोष्टीत कामाचे निघाले.

पावसाळ्याआधीचा तो जवळजवळ शेवटचा फेरा. जंगलातून परत येताना सोमाजीनं हॉटेलच्या फाटकाच्या खांबाला गाडी घासली. खांब काही कालचा नव्हता. त्याच फाटकातून तो रोज जायचा-यायचा. पाहुण्यांना लागलं नाही, पण पत्रा फाटला. आम्ही सगळे धावलो. सोमाजी स्टिअरिंगवर तसाच बसलेला.

“काय झालं बे?” मी विचारलं.

“खांब दिसलाच नाई मले नीट,” तो हळूच म्हणाला. “बऱ्याच दिसाचं धुरकट दिसून राह्यलं, दादाराव.”

मागे ते लोणीवाले साहेब बसले होते. रागावतील वाटलं. ते उतरून सोमाजीजवळ आले आणि म्हणाले, “तुम्हाला शुगर आहे का?”

होती. गोळी चालू होती, पण कधी घ्यायचा, कधी विसरायचा. साहेबांनी मोबाइलवर स्वतःचा जुना फोटो दाखवला. मी ओळखलं नाही, इतके जाड होते. भात-पोळी-साखर सोडून तेल-तुपावर राहिलो, शुगर उतरली, गोळ्या कमी झाल्या, असं त्यांनी सांगितलं. शेवटी असंही म्हणाले की डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका. हे शेवटचं वाक्य मी ऐकलं. सोमाजीनं ऐकलं नाही, कारण तोवर मालक आले होते.

मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी सोमाजीला बाजूला घेतलं. “पावसाळाभर जंगल बंद आहे. ऑक्टोबरात उघडेल तेव्हा डोळे तपासून ये. चांगले निघाले तर चावी तुझी. नाही निघाले तर मला दुसरा माणूस पाहावा लागेल. पाहुण्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.”

बरोबरच होतं. पण सोमाजीकडून गाडी काढली तर उरतं काय? त्याच्याकडे शेत नव्हतं. मुलगी लग्न होऊन गेलेली. गाडी होती म्हणून गावात चार लोक ‘सोमाजीभाऊ’ म्हणत. त्या दिवशी तो फाटकापासून घरी पायी गेला. मी त्याला पायी जाताना कधी पाहिलं नव्हतं.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी त्याला चंद्रपूरला डोळे दाखवायला पाठवलं. तिथे सांगितलं की डोळ्यांच्या आतल्या पडद्याचं अजून काही बिघडलं नाही, साखर फार चढली आहे म्हणून धुरकट दिसतं. ती खाली आली तर दिसेल. नाही आली तर मग पडद्याचंही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सोमाजी स्वयंपाकघरात येऊन माझ्या पाटावर बसला.

“दादाराव, आजपासून भात बंद. पोळी बंद. गूळ-साखर बंद. तेल, तूप, अंडे, मटन, मच्छी. त्या साहेबावानी.”

“अन् मेला तं?”

“तं तुयाच हातचं खाऊन मरीन. लोकं म्हणतीन, चांगलं खाऊन मेला.”

पावसाळ्यात हॉटेलात पाहुणे नसत. राखणदार, माळी, मी आणि सोमाजी, एवढेच जेवणारे. मी ते अंगावर घेतलं. या हातानं कॅम्प पोसला, एका सोमाजीची साखर काय उतरवत नाही? आणि खरं सांगतो, तसं रांधायला आमच्याकडच्या पावसाळ्याइतका चांगला काळ नाही. वारुळांवर सात्या उगवतात, त्या अळिंब्या मटणाच्या तोंडात मारतील. बांबूचे कोवळे कोंब येतात, त्यांना आम्ही वास्ते म्हणतो. तरोट्याची भाजी रस्त्याच्या कडेला फुकट. नाल्यातली बारीक मच्छी. आणि लाकडी घाण्यावरचं जवसाचं तेल, ज्याच्या वासानं शहरातले पाहुणे नाक धरत आणि सोमाजी डोळे मिटत. वास्ते तर्रीत, सात्या तुपात, अंडी जवसाच्या तेलात. कॅम्पवर ज्याला एक चमचा दिला, त्याला मी आता वाटीनं तर्री वाढत होतो.

“तेव्हा दिली असती तं काय बिघडलं असतं?” तो म्हणायचा.

“तेव्हा तुयी किंमत नव्हती.”

हसत-खिदळत महिना गेला. सुई टोचून रक्त तपासलं. साखर उतरायची सोडून आणखी चढली होती. वजनही वाढलं होतं. आणि धुरकट तसंच.

 सोमाजी म्हणाला, “तुया हातातली बरकत गेली, दादाराव.”

हे मला लागलं. कोणी मला चोर म्हटलं असतं तर चाललं असतं. मी म्हणालो, “माझ्या हातानं तुले भाताचं शीत दिलं नाई. घरी खात असशीन. वहिनी चारत असन.”

“घरी मी जेवतच नाई!”

“मंग साखर आभाळातून पडते का?”

तो उठून गेला. मी सरळ त्याच्या घरी गेलो. पार्वतावहिनी ओट्यावर भाजी निवडत होत्या.

“वहिनी, खरं सांगा. सोमाजीले भात देता का?”

त्यांनी भाजी खाली ठेवली. “भाऊ, तुमी मले विचारून राह्यले? जवापासून त्याईनं सोडला तवापासून या घरात भाताचा गंज चुलीवर चढला नाई. त्याईले वास येऊ नये म्हणून मी शेजारी जाऊन जेवतो. म्हातारपणी दुसऱ्याच्या घरी ताट घेऊन बसतो. अन् तुमी म्हणता मी चोरून चारतो?”

मी म्हणालो, “मग कोण चारते?”

“तुमीच पाहा. दिसभर तुमच्याच कडं राहते तो.”

मी तावातावानं परत आलो. संशय गेला नव्हता. म्हटलं, हिशोब आरोग्य केंद्रातच होईल. दुसऱ्या दिवशी सोमाजीला घेऊन गेलो, म्हणजे तो पुढे आणि मी मागे, बोलणं बंद.

डॉक्टर तरुण, मराठवाड्याकडचे. मन लावून विचारत होते.

“काका, भात खाता?”

“नाई जी.”

“पोळी, भाकरी?”

“नाई.”

“गोड? चहात साखर?”

“नाई. बिनासाखरेचा पेतो. कडू जहर.”

“दारू?”

“सोडून जमाना झाला.”

“गोळी रोज?”

“रोज. बायको हातावर ठेवते.”

डॉक्टर विचारात पडले. म्हणाले की आणखी तपासण्या कराव्या लागतील, बहुतेक गोळी वाढवावी लागेल, कदाचित इन्सुलिनची सुई. सुई ऐकून सोमाजीचं तोंड पडलं. तिथे कुळमेथे सिस्टर होत्या, अहेरीकडच्या, सोमाजीच्याच समाजातल्या. त्या त्याच्या दंडाला पट्टा बांधत होत्या. बांधता बांधता थांबल्या.

“सोमाजीभाऊ, तोंडाले आंबट वास काऊन येते?”

“पेज पेलो ना सकाळी.”

“किती?”

“तुंबाभर. रोजच्यासारखी.”

“अन् दुपारी?”

“दुपारी तं लागतेच. तर्री खाल्ली की पोटात आग पडते. दोन गिलास पेलो की थंड.”

“अन् संध्याकाळी?”

“संध्याकाळी थोडीशीच. मोठा गिलास एक.”

सिस्टरनी पट्टा सोडला. “करते कोण?”

“मी,” मी म्हणालो. चांगली छाती काढून म्हणालो. “कनकीची. पाणचट नाई, घट्ट.”

सिस्टर स्टुलावर बसल्या आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. डॉक्टरांना कळेना. त्या म्हणाल्या, “साहेब, पेज म्हणजे भातच. पाणी घालून उकळलेला. हे दिवसभर भातच पोटात घालून राह्यले. वरून तूप अन् तर्री.”

“पण मी विचारलं ना त्यांना, भात खाता का?”

“खरंच सांगितलं त्याईनं. आमच्याकडं पेजेले जेवण म्हणतच नाई. माझा बाप तीन गिलास पेज पेऊन बसलेला राहे, अन् कोणी विचारलं जेवले का, तं म्हणे, नाई जी, सकाळपासून उपाशी हाओ.”

“मग बरोबरच हाय,” सोमाजी म्हणाला. “पेज का जेवण हाय का?”

“नाहीच आहे,” मी म्हणालो. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं एका बाजूला आलो होतो.

मला आजही तसंच वाटतं. सिस्टर शिकलेल्या आहेत, त्यांचं रक्तातलं गणित बरोबर असेल, सुईनंही तेच सांगितलं. पण पेज ही जेवण नाही. ती तहानेची वस्तू आहे. पाहुणा आला तर आपण त्याला पेज देऊन जेवू घातलं म्हणत नाही. अहेरीपासून मोहर्लीपर्यंत कोणालाही विचारा.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. खुर्ची पुढे ओढून आम्हाला समजावून सांगितलं, आणि ते मला समजेल असं सांगितलं. तेल-तूप जास्त आणि भात-पोळी फार कमी, असं खाल्लं की बऱ्याच जणांची साखर उतरते, वजनही उतरतं. त्या पुण्याच्या साहेबांचं उतरलं ते खोटं नसेल. पण वर्षानुवर्षं असं खाल्लं तर प्रत्येकाचं काय होईल, हे छातीठोक सांगता येत नाही. कोणाच्या रक्तातली चरबी चढते, कोणाची नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तूपही भरपूर आणि भातही भरपूर. “तुम्ही दोघांनी ते केलंत,” ते म्हणाले. मग सोमाजीकडे वळून बोटानं बजावलं, “पेज बंद करा, पण आजच गोळीचा डोसही मी कमी करतो. पेज गेली आणि गोळी तेवढीच राहिली, तर साखर एकदम पडेल आणि स्टिअरिंगवर चक्कर येईल. दर आठवड्याला दाखवायला यायचं.”

येताना मी सात्या घेऊन पार्वतावहिनींकडे गेलो. त्यांनी पिशवीत पाहिलं.

“माफी मांगायची असन तं तोंडानं मांगा, भाऊ. सात्यानं नको.”

“माफी कशाची? मी तर भाजी द्यायला आलो.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि पिशवी ठेवून घेतली. त्या दिवशी त्यांनी घरी भात लावला, आणि दार उघडं ठेवून जेवल्या.

पेज सोडणं सोमाजीला दारू सोडण्यापेक्षा जड गेलं. आईनं दूध सोडवलं की मूल पेजेवर येतं आमच्याकडे. म्हातारा आजारी पडला की शेवटी पेजच तोंडात घालतात. त्याच्या मधल्या सगळ्या आयुष्यात ती सोबत असते. सोमाजी चिडचिडा झाला. डोकं दुखतं म्हणायचा, हात कापतात म्हणायचा, तेव्हा सिस्टरकडे पळवायचो. मी तुंब्यात पातळ ताक भरून दिलं. त्यानं एक घोट घेतला आणि म्हणाला, “हे तं आजारी पेजेचं पाणी हाय.” पण प्यायला.

मग साखर उतरायला लागली. हळूहळू. पोळा झाला, गणपती गेले. एके दिवशी तो माझ्याकडे धावत आला.

“दादाराव! तुया मिशीत पांढरं किती झालं बे!”

“आधी नव्हतं का?”

“आधी दिसत नव्हतं ना!”

मी पाठ फिरवून कांदा कापायला घेतला. कांद्याचं बरं असतं.

पण पुढच्या तपासणीत रक्तातली चरबी चढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, तूप कमी करा, बकऱ्याची चरबी सोडा, जवसाचं तेल, मच्छी, अंडी चालू द्या, वरण घ्या, आणि आता भाताची एक लहान मूद चालेल, मोजून. सोमाजी वैतागला. “भात गेला, पेज गेली, आता तूपही गेलं? मले गवत चारा ना जिप्सीमागं बांधून.” मी बुद्धविहारात मधल्या मार्गाबद्दल लहानपणापासून ऐकत आलो. ताटात तो कसा दिसतो, हे मला तेव्हा कळलं. फार सुंदर दिसत नाही. पण थेंबभर तेलात तर्री आणायची विद्या माझ्याकडे होतीच. वाटी बंद केली, चमचा पुन्हा हातात घेतला. एक चमचा. सोमाजीनं मागितला तरी दुसरा नाही.

जंगल उघडायच्या आधी आम्ही चंद्रपूरला गेलो. मी बाहेर बाकावर बसलो. आत सोमाजी एका डोळ्यावर हात ठेवून भिंतीवरची अक्षरं वाचत होता. तोही माझ्याइतकाच शिकलेला. मोठमोठ्यानं वाचत होता, पहिलीतल्या पोरासारखा, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. वरच्या ओळी झाल्या. खालच्या ओळीवर अडखळला. मी बाकाची कड धरली. आतून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आता हा चष्मा लावून वाचा.” मग एकेक अक्षर आलं. सावकाश, पण आलं.

मालकांनी चावी दिली. ‘सांभाळून’ एवढंच म्हणाले. वर्षातून दोनदा डोळे दाखवायचे, हे सोमाजीनं आपणहून कबूल केलं.

त्यानंतर काही हंगाम मी मोहर्लीत राहिलो. मग गुडघे उभं राहू देईनात, तेव्हा आरमोरीला मुलाकडे आलो. आता कोणी विचारलं की तेल-तूप बरं की भात, तर मी आधी त्याला विचारतो, तू दिवसभर काय करतोस, तुझी साखर किती, गोळी कोणती, आणि दिवसभरात पितोस काय काय. लोक पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं देतात. चौथ्याला म्हणतात, पितो म्हणजे, पाणीच की. मग मी खोदून विचारतो.

मागच्या हिवाळ्यात नवा तांदूळ आला तेव्हा सोमाजी आणि पार्वतावहिनी आमच्याकडे आले. सुनेनं भात केला, मी कोंबडी केली. गुडघे दुखत होते तरी वाढायला मीच उभा राहिलो. नव्या तांदळाचा वास घरभर. तर्री अशी वर आली होती की सून म्हणाली, बाबा, आज तर तुमचा हात लागला. सोमाजीला लहानशी मूद वाढली, त्यावर रस्सा, वर एक चमचा. त्यानं ती सावकाश संपवली. मग मी भाताचा दुसरा डाव घेऊन त्याच्यापुढे गेलो.

त्यानं ताटावर हात आडवा धरला.

आमच्या पंगतीत असा हात धरला तर बोटांच्या फटीतून वाढायचं असतं. मी जन्मभर तेच केलं आहे. नाही म्हणणाऱ्याला वाढलं नाही तर वाढणारा कसला?

“अबे, नवा तांदूळ हाय,” मी म्हणालो.

“माहीत हाय.”

“एवढासा घे.”

“दादाराव,” तो म्हणाला, “उद्या सकाळी गाडी काढाची हाय.”

हात तसाच होता. हाडं वर आलेली, बोटं जरा वाकडी, इतकी वर्षं स्टिअरिंग धरून झालेली. मी डाव परत गंजात नेला. मग सूनबाईला म्हणालो, आता माझं ताट वाढ, आणि त्याच्यासमोर पाट टाकून बसलो. भात फार चांगला झाला होता. मी दुसऱ्यांदा घेतला तेव्हा सोमाजी चष्मा नीट करून माझ्या ताटाकडे पाहत होता. त्याला एकेक शीत दिसत असणार.